ट्रेडमिल चढ शिकवते, पण उताराचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत चढउताराच्या रस्त्यावरच्या शर्यतीची तयारी कशी करायची यावर लेख आला होता, त्यात एक वाक्य होतं की ट्रेडमिलवर चढाची तयारी होतच नाही, कारण तिथे माणूस जागचा हलत नाही, तेव्हा मशीन सोडा आणि बाहेर पडा. ते वाचल्यापासून डोक्यात घोळतंय, शेवटी आज लिहायला बसले. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागेअभावी कापावं लागलं तर कापा, पण उताराबद्दल जे लिहिलंय तेवढं मात्र ठेवा ही विनंती.

आधी त्या "बाहेर पडा" बद्दल. सगळ्यांना बाहेर पडता येत नाही हो. मला पळायला वेळ मिळतो तो पहाटे साडेचारला किंवा रात्री दहानंतर, त्यावेळी रिकाम्या रस्त्यावर एका बाईने एकटीने तास दीड तास पळायचं म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला, आणि खरं सांगायचं तर माझाही. कोणाच्या घरी आजारी माणूस असतं, कोणाची शिफ्ट विचित्र असते, आणि कित्येकजण अशा सपाट भागात राहतात की मैलोन्मैल चढच नाही. या सगळ्यांना शर्यतीची हौस नसते असं थोडंच आहे? त्यांच्या हाताशी जे आहे ते ट्रेडमिल आहे, आणि ते नीट वापरलं तर चढाची तयारी होते, चांगली होते, हे मी स्वतः करून बघितलंय म्हणून ठामपणे लिहितेय. जिथे ट्रेडमिल खरोखर कमी पडते ती जागा वेगळीच आहे आणि त्याबद्दल लेखात अवाक्षर नव्हतं, माझी तक्रार खरी ती आहे.

"जागचा हलत नाही" हे कारण तर मुळातच चुकीचं आहे. खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावर कोणी उलटं वर चढत राहिलं आणि एकाच पायरीच्या उंचीवर टिकून राहिलं तर तो माणूस आराम करतोय असं आपण म्हणू का? ट्रेडमिलचं तेच आहे. इन्क्लाइन, म्हणजे मशीनचा चढ, लावलं की बेल्ट तुम्हाला सतत मागे आणि खाली नेत असतो, आणि तुम्ही दर पावलाला स्वतःचं वजन तेवढंच वर उचलून ते भरून काढता. बेल्टचा वेग स्थिर असेल तर स्नायूंच्या हिशोबाने ते काम चढावरच्या कामासारखंच. फरक पडतो तो मुख्यतः हवेच्या अडथळ्याचा, तोही वेगाने पळणाऱ्यांना. १९९६ मध्ये जोन्स आणि डाउस्ट या दोन संशोधकांनी हेच मोजलं होतं आणि त्यातून तो प्रसिद्ध "एक टक्का इन्क्लाइन ठेवा" नियम आला, की एक टक्का चढ दिला की ट्रेडमिलवर पळायला लागणारी ऊर्जा बाहेरच्या सपाट रस्त्याइतकी होते. पण ते तासाला साधारण साडेदहा ते अठरा किलोमीटर वेगाने पळणाऱ्यांबद्दल होतं, तासाला आठ किलोमीटरने पळणाऱ्या माझ्यासारखीला हवेचा अडथळा फारसा जाणवतच नाही. तरी जिममध्ये सगळे एकमेकांना तो एक टक्का सांगत असतात.

आता टक्का म्हणजे काय हेही बऱ्याच जणांना नीट माहीत नसतं असं माझ्या लक्षात आलंय. मशीनवर ५ आकडा दिसला की लोकांना वाटतं पाच अंश. पाच टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटर वर, म्हणजे एक किलोमीटरला पन्नास मीटर, अंशात मोजाल तर तीनपेक्षाही जरा कमीच. पंधरा टक्के म्हणजे सुद्धा साडेआठ अंश फक्त, पण पळून बघा म्हणजे कळेल. व्यायामशास्त्रात ऑक्सिजनच्या खर्चाचा अंदाज काढायचं एक साधं सूत्र वापरतात, त्या हिशोबाने तासाला आठ किलोमीटर वेग आणि पाच टक्के चढ हे सपाटीवर जवळजवळ दहाच्या वेगाने पळण्याइतकं पडतं. आणि तासाला सहा किलोमीटरने झपाझप चालायचं पण बारा टक्क्यांवर, तर ते सपाटीवर साधारण साडेनऊच्या वेगाने पळण्याच्या बरोबरीचं होतं. म्हणजे चढावर चालणाऱ्याला बघून "हा तर चालतोय" म्हणणारे चुकतात. हृदयाच्या डॉक्टरांकडची स्ट्रेस टेस्ट आठवा, १९६३ मध्ये डॉ. ब्रूस यांनी घालून दिलेल्या पद्धतीत सुरुवातच तासाला २.७ किलोमीटर वेगाने आणि दहा टक्के चढाने होते, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवत नेतात. हृदयावर भार द्यायचा असेल तर माणसाला जोरात पळवायची गरज नाही, चढ पुरतो, हे डॉक्टरांना साठ वर्षांपासून माहीत आहे.

पण यात एक अट आहे, आणि ती अट पाळली जात नाही म्हणून ट्रेडमिलचं नाव बदनाम होतं. हात सोडायचे. मी रोज बघते, इन्क्लाइन पूर्ण पंधरावर, समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, अंग मागे झुकलेलं, हात ताणलेले. असं लटकलं की शरीर बेल्टशी काटकोनात येतं, म्हणजे पायांच्या दृष्टीने जवळपास सपाटच झालं, आणि वजनाचा बराच भाग हातांवर गेला. कन्सोलला, म्हणजे समोरच्या आकड्यांच्या पडद्याला, हे काही कळत नाही, तो पंधरा टक्क्यांचा चढ आणि भरपूर कॅलरी दाखवत राहतो, आणि त्या माणसाला मनापासून वाटतं की आपण घाट चढलो. धरल्याशिवाय जमत नसेल तर चढ कमी करावा, सात करावा, पाच करावा, पण हात मोकळे पाहिजेत आणि नेहमी पळताना हलतात तसे हलले पाहिजेत. सेफ्टीची क्लिप (तोल गेला तर मशीन बंद करणारी) मात्र कपड्याला लावायचीच, त्यात कमीपणा मानू नये.

दुसरं म्हणजे मशीनवरच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. मी ज्या जिममध्ये जायचे तिथल्या खिडकीजवळच्या मशीनवर सहा टक्के मला सोपे वाटायचे आणि शेजारच्या मशीनवर त्याच सहाला दम लागायचा. मला वाटलं माझाच दिवस बरावाईट असेल. असं तीनचार वेळा झाल्यावर एका दुपारी गर्दी नसताना परवानगी घेऊन मोजलं. पद्धत सोपी आहे, कोणीही करू शकतं. मशीनवर पाहिजे तो चढ लावायचा, बेल्ट बंद करायचा, आणि एक मीटर लांबीची सरळ पट्टी बेल्टवर लांबीच्या दिशेने ठेवायची. तिचं वरच्या बाजूचं टोक बेल्टला टेकलेलं राहू द्यायचं आणि खालच्या बाजूचं टोक हळूहळू उचलायचं, पट्टीवर गवंडी वापरतात ती पाणसळ ठेवायची, बुडबुडा मधोमध आला की थांबायचं आणि उचललेल्या टोकापासून बेल्टपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. पाच सेंटिमीटर आलं तर पाच टक्के. त्या खिडकीजवळच्या मशीनवर कन्सोल सहा सांगत होता आणि टेप चारच्याही किंचित खाली. मशीन खोटं बोलत होतं असं नाही, तिथली फरशीच पुढच्या बाजूला उतरती होती आणि मशीन ठेवताना पाय अॅडजस्ट केले नव्हते. तेव्हापासून मी जिथे पळते ते मशीन आधी मोजते. आमच्या ट्रेनरला आधी गंमत वाटली, मग त्याने स्वतः बाकीची मशीन मोजून प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली.

आता माझ्या पहिल्या शर्यतीचं सांगते. हाफ मॅरेथॉन, जाताना साडेदहा किलोमीटर बहुतेक चढ आणि त्याच रस्त्याने परत. मी चौदा आठवडे तयारी केली, आठवड्यातून तीन दिवस, सगळी ट्रेडमिलवर, आणि मनापासून केली. शर्यतीचा उंचीचा नकाशा मिळवला होता, कुठे तीन टक्के, कुठे सात टक्के, कुठे मधेच सपाट, ते कागदावर उतरवून मशीनवर तसंच्या तसं पळायचे. ट्रेडमिलची ताकद खरी इथे आहे असं मला वाटतं. लोक ट्रेडमिलवर एकेका मिनिटाचे हिल रिपीट्स, म्हणजे छोटा चढ पुन्हा पुन्हा पळणं, करायला जातात आणि वैतागतात, कारण बटण दाबल्यावर डेक, म्हणजे बेल्टखालची फळी, घुरघुरत वर जायलाच वेळ लागतो, खाली यायला तेवढाच, मिनिट त्यातच संपतं. छोटे तीव्र चढ बाहेरच्या रस्त्यावर किंवा जिन्यावर करावेत. पण वीस वीस मिनिटांचा सलग चढ, एकसारखा, मधे वळण नाही सिग्नल नाही कुत्री नाहीत, हे बाहेर फार थोड्यांच्या नशिबात असतं. चार टक्क्यांवर आठव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक असतं, मग पोटऱ्या बोलायला लागतात, बाराव्या मिनिटाला घामाचे थेंब कन्सोलवर टपटप पडून आकडे धूसर होतात, आणि तिथे शिकायला मिळतं की पाऊल आखडतं घेतलं, वाकायचं ते कंबरेतून न वाकता घोट्यापासून सगळं अंग किंचित पुढे दिलं, आणि नजर पायाखाली न ठेवता समोर ठेवली की तोच चढ परवडायला लागतो. हे शिकायला मला दीड महिना लागला.

(एक पंखा मात्र पाहिजेच पाहिजे. ट्रेडमिलवर समोरून वारा येत नाही, घाम वाळत नाही, अंग तापत जातं आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढत राहतात, मग माणसाला वाटतं आपली तयारीच कच्ची. पंख्याने मला जेवढा फरक पडला तेवढा महागड्या बुटांनी पडला नाही.)

शर्यतीच्या दिवशी चढ मला अक्षरशः ओळखीचा वाटला. लोक चालायला लागले तिथे मी पळत होते, छोटी पावलं, श्वास ताब्यात, साडेदहा किलोमीटरचं वळण मी ठरवल्यापेक्षा दोन मिनिटं आधी गाठलं. वळणावर पाणी घेतलं आणि मनात म्हटलं झालं, आता उतारच तर आहे.

तेराव्या किलोमीटरला मांड्यांच्या पुढच्या बाजूला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं, दुखणं असं नाही, दर पावलाला कोणीतरी आतून थोडं थोडं उसवतंय असं. दम अजिबात लागलेला नव्हता, घड्याळात ठोके चढापेक्षा कितीतरी कमी, म्हणून मी वेग वाढवला. ती माझी चूक. सोळाव्याला गुडघे धरेनात. पाऊल टेकलं की गुडघा ठरलेल्या जागी न थांबता अजून थोडा खाली जायचा, मग पुढचं पाऊल घाईघाईने टाकावं लागायचं. अठरापासून मी चाललेय, आणि उतारावर चालतानाही रस्त्याच्या कडेला लावलेला दोर धरून. चढावर मागे टाकलेली बहुतेक माणसं माझ्या शेजारून गेली. एका वयस्कर बाईंनी जाताजाता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उतार केला नव्हतास ना गं?" एवढंच, आणि पुढे गेल्या. शर्यत मी पूर्ण केली. पुढचे तीन दिवस घरातला जिना मी पाठमोरी उतरत होते, दोन्ही हातांनी कठडा धरून, एक एक पायरी, आणि माझी मुलगी खाली उभी राहून पायरी सांगत होती.

त्या बाईंचं वाक्य डोक्यातून जाईना म्हणून मग वाचायला लागले. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत काम करतो. उतरताना त्याला उलटं काम असतं, ताणला जात असतानाच शरीर धरून ठेवायचं, म्हणजे ब्रेकचं काम. या ब्रेकच्या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि ते दुखणं दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. २००५ मध्ये गॉटशॉल आणि क्रॅम यांनी ट्रेडमिलखाली मोजमापाची यंत्रणा बसवून बघितलं, नऊ अंशांच्या उतारावर पाय आपटण्याचा जोर सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी वाढतो आणि ब्रेक लावण्याचा जोर ७३ टक्क्यांनी. आणि तेवढ्याच चढावर? आपटण्याचा जोर उलट ३९ टक्क्यांनी कमी. म्हणजे चौदा आठवडे मी माझ्या पायांना सपाटीपेक्षाही मऊ जागी ठेवलं होतं आणि मग एका सकाळी थेट त्यांच्यावर हातोडा चालवला.

हिशोबही मांडला मी नंतर. आठच्या वेगाने पाऊण तास म्हणजे सहा किलोमीटर, सरासरी पाच टक्के धरले तर एका वेळेला तीनशे मीटर. असे बेचाळीस दिवस, १२,६०० मीटर. एव्हरेस्टच्या उंचीपेक्षा जास्त मी चढले आणि त्यातलं एक मीटरही उतरले नाही. बाहेर डोंगरावर तयारी करणाऱ्याला ही सूट मिळतच नाही, जेवढं चढला तेवढं त्याला घरी यायला उतरावंच लागतं, त्याचा उतार आपोआप होतो, त्याला कळतही नाही की आपण काही वेगळं शिकलो. ट्रेडमिलवर मात्र स्टॉप दाबलं की बेल्ट सपाट होतो आणि आपण टॉवेल घेऊन निघतो. लेखात "ट्रेडमिलवर चढ होत नाही" लिहिण्याऐवजी बहुतेक ट्रेडमिलवर उतार होत नाही एवढं लिहिलं असतं तर ते खरं ठरलं असतं आणि कोणाच्या तरी उपयोगी पडलं असतं.

त्यातला सगळ्यात फसवा भाग म्हणजे दम. २००२ मध्ये मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या चढउतारांवर पळण्याचा ऊर्जेचा खर्च मोजला, तर वीस टक्क्यांच्या उतारापर्यंत खर्च कमी कमी होत जातो, सपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे उतारावर छाती सांगते मजेत आहे, घड्याळ सांगतं मजेत आहे, आणि मांड्या तुटत असतात. आपण सगळे श्वासावरून आणि ठोक्यांवरून वेग ठरवायला शिकलेलो असतो, आणि उतारावर नेमके तेच दोघं काही बोलत नाहीत.

बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बत्तिसाव्या किलोमीटरनंतर एक चढ लागतो, हार्टब्रेक हिल, जगभरच्या पळणाऱ्यांना ते नाव पाठ आहे. चढ काही राक्षसी नाही, अर्ध्या किलोमीटरपेक्षा थोडा जास्त लांब आणि चढाई २७ मीटरच्या आसपास, ट्रेडमिलवर चार टक्क्यांच्या आगेमागे लावा, तेवढाच. मग लोक तिथे का मोडतात? एक तर बत्तीस किलोमीटर झालेले असतात, आणि दुसरं म्हणजे ती शर्यत सुरुवातीलाच भराभर उतरत जाते, स्टार्टपासून फिनिशपर्यंतचा हिशोब केला तर साधारण १४० मीटर खालीच येते. उत्साहात पहिले किलोमीटर उतारावरून धावताना मांड्या खर्ची पडतात आणि त्याचं बिल येतं या चढावर. या चढाला ते नाव मिळालं एका वर्तमानपत्रवाल्यामुळे, १९३६ ची शर्यत, जॉन केलीने इथे टार्झन ब्राउनला गाठलं आणि जाताना त्याची पाठ थोपटली, ब्राउन त्याने पेटला, पुढे निघाला आणि जिंकला, आणि बॉस्टन ग्लोबच्या जेरी नेसनने लिहिलं की केलीचं हृदय तिथे तुटलं. नव्वद वर्षं होत आली, नाव टिकून आहे. आणि सुरुवातीच्या त्या उतारांना असं घरोघरी पोचलेलं नाव नाही. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत १९२१ पासून आहे, नव्वद किलोमीटरच्या आसपास, साधारणपणे एक वर्ष चढाच्या दिशेने आणि पुढचं वर्ष उताराच्या, आणि दोन्ही केलेली माणसं बरेचदा सांगतात की उताराच्या वर्षी पाय जास्त हाल काढतात. पण नवख्याला विचारा, तो म्हणेल मी उताराच्या वर्षी जाईन, सोपं पडेल. हे मी मुद्दाम तुम्हाला लिहितेय कारण वर्तमानपत्र जे लिहितं ते लोकांच्या डोक्यात बसतं, चढाबद्दल तुम्ही खूप लिहिता, उताराबद्दलही लिहा.

मग ज्याच्याकडे फक्त ट्रेडमिल आहे त्याने काय करायचं? मी दुसऱ्या वर्षी जे केलं ते सांगते. ट्रेडमिलवर चढ तसाच ठेवला, पण सुरुवातीचे आठवडे टक्के अगदी हळू वाढवले कारण सलग चढाने पोटरी आणि टाचेमागची शीर यांच्यावर ताण येतो, सकाळी उठल्यावर टाच धरायला लागली की तो आठवडा चढ बंद. आणि उतारासाठी जिना. आमची इमारत अकरा मजली आहे, लिफ्टने वर जायचं आणि पायी खाली यायचं, पहिल्या आठवड्यात फक्त दोनदा, आणि तेवढ्यानेही दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, यावरून समजा पाय किती कोरे होते. मग हळूहळू सहापर्यंत नेलं. घरी एका भक्कम पायरीवर उभं राहून एक पाय तीन सेकंद मोजत खाली टेकवायचा आणि परत वर, दोन्ही पायांनी, मांडी कापायला लागेपर्यंत. शिवाय महिन्यातून दोनदा पार्किंगचा रॅम्प, सकाळी गाड्या नसताना, खाली येताना छोटी भराभर पावलं, पाय शरीराच्या पुढे लांब न टाकता खाली टाकायचा, मागे रेलायचं नाही.

यातली दिलासा देणारी गोष्ट ही की स्नायू फार लवकर शिकतात. उताराचा एक चांगला सराव झाला की पुढच्या वेळी तेवढाच उतार खूप कमी दुखवतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे रोज उतरायची गरज नाही, दहा पंधरा दिवसांतून एकदा नीट केलं तरी भागतं, फक्त शेवटचा मोठा सराव शर्यतीच्या दोन आठवडे आधी संपवावा म्हणजे दुखणं घेऊन स्टार्टला उभं राहावं लागत नाही. काही मशीन उणे तीन टक्क्यांपर्यंत खाली जातात, मिळालं तर जरूर वापरा. पण मशीनच्या मागच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवून उतार करायचा जो उद्योग काही जण करतात तो कृपा करून करू नका, मशीन त्या पद्धतीने उभं राहायला बनवलेलं नाही, आणि वर माणूस पळत असताना ठोकळा सरकला तर काय होईल याची कल्पना केलेली बरी.

दुसऱ्या वर्षी तीच शर्यत. चढ पहिल्यापेक्षा एक मिनिट हळू गेला कारण मी मुद्दाम जपून गेले. उतार पूर्ण पळत आले, विसाव्या किलोमीटरला मांड्या जड झाल्या होत्या पण गुडघा जिथे थांबायला पाहिजे तिथे थांबत होता. दुसऱ्या दिवशी जिना समोर तोंड करून उतरले, मुलीला हाक मारावी लागली नाही.

तर संपादक साहेब, माझ्या दोन विनंत्या आहेत. शर्यतींची माहिती छापताना आयोजक देतात तो "एकूण चढ इतके मीटर" हा आकडा तुम्ही छापता, त्याच्या शेजारी एकूण उतार किती आणि तो कितव्या किलोमीटरपासून कितव्या किलोमीटरपर्यंत हेही विचारून छापा, आयोजकांकडे ते असतंच, कोणी मागत नाही म्हणून ते देत नाहीत. आणि त्या लेखाची दुरुस्ती म्हणून एक छोटी चौकट द्या, की ट्रेडमिलवर चढाची तयारी होते, हात सोडून करा, आणि उतार वेगळा करा, जिन्यावर करा, पण करा. यंदाच्या शर्यतींची नोंदणी सुरू झालीय, कोणीतरी आत्ता या क्षणी मशीनवर चढ लावून पळत असेल, शर्यतीला दोनतीन महिने असतील तर त्याला अजून वेळ आहे.

आपली,
एक वाचक